'बाइंड' हा आपलाच 'बांध' का?

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी प्रश्न पाठवला आहे. धड्यात 'बाइंड' हे क्रियापद आलं. त्यांनी फळ्यावर अर्थ लिहिला, 'बांधणे'. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हा आपलाच शब्द. इंग्रजांनी इथून नेला." हा योगायोग आहे असं बाईंनी त्याला सांगितलं. पुढच्या आठवड्यात एका धड्यात 'होमवर्ड बाउंड' आलं आणि त्याच मुलाने विचारलं, "म्हणजे घराला बांधलेला?" त्याचं उत्तर बाईंना देता आलं नाही. तेव्हापासून पहिलं उत्तर तरी बरोबर होतं का, अशी शंका त्यांना येते आहे.

बाई, पहिलं उत्तर चुकलं. तो योगायोग नाही. मुलाचंही सगळं बरोबर नाही, कारण इंग्रजांनी हा शब्द इथून नेला नाही. पण त्याच्या कानाने जे टिपलं ते खरं आहे. मी रत्नागिरीत ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं, कागदपत्रांचे अनुवाद केले; इतका चांगला प्रश्न वर्गातून फार थोड्या वेळा आला. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उसनवारीचं बघू. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. इंग्रजीत हे क्रियापद त्याच्या कितीतरी आधी, हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणात आहे. तेव्हा त्याचं रूप 'बिंदन' असं होतं. जर्मन माणूस आजही 'बिंडेन' म्हणतो. त्या काळी त्या लोकांचा आपल्या किनाऱ्याशी काही संबंध नव्हता. तेव्हा नेला म्हणायला जागा नाही. एका घरातल्या दोन बहिणी लांबलांबच्या गावी दिल्या, पुढे कित्येक पिढ्यांनी त्यांची नातवंडं समोरासमोर आली आणि चेहरा ओळखीचा वाटला, तशातला हा प्रकार. इंग्रजी, जर्मन, ग्रीक, फारसी, संस्कृत आणि संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेली मराठी, या सगळ्यांच्या मागे एकच जुनी भाषा उभी आहे. तिचं लिखाण उरलेलं नाही. पण तिच्यात 'बांधणे' या अर्थाचा धातू साधारण 'भेन्ध्' असा असावा, हे लेकीबाळींच्या तोंडावळ्यावरून अभ्यासकांनी ठरवलं आहे.

आता तुमचा मुलगा विचारील, आणि त्याने विचारावंच, की नुसतं सारखं दिसतं म्हणून नातं कसं मानायचं? सारखेपणावर विसंबू नका, हे मीही वर्गात कायम सांगत आले. नातं ठरतं ते फरकाच्या शिस्तीवरून. संस्कृतात जिथे 'भ' तिथे इंग्रजीत 'ब' येतो: भ्रातृ आणि ब्रदर, भरणे-वाहणे या अर्थाचा 'भृ' आणि इंग्रजी 'बेअर'. संस्कृतात 'ध' तिथे इंग्रजीत 'ड': विधवा आणि विडो, मध्य आणि मिड. संस्कृत 'द' तिथे इंग्रजी 'ट': दश आणि टेन, द्वि आणि टू. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली हे बदल नियमात बसवून दाखवले. उसन्या शब्दांत अशी शिस्त नसते. ते आपापल्या वेळी, जसे ऐकू आले तसे येतात.

या नियमाला आपला 'बंध' मात्र अडतो, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. संस्कृतात 'बन्ध्' आहे, 'भन्ध्' नाही. 'द'चा 'ट' होतो, तसा 'ब'चा 'प' व्हायला हवा. म्हणजे इंग्रजीत 'पाइंड' असायला हवं होतं. नियम चुकला की नातं खोटं?

हे कोडं सोडवलं हेरमान ग्रासमान यांनी, १८६३ साली. ते बाल्टिक समुद्राजवळच्या श्टेटिन या बंदराच्या शहरात शाळामास्तर होते. गणितात त्यांनी मोलाचं काम केलं, पुढे ऋग्वेदाचा मोठा कोश तयार केला आणि ऋग्वेदाचं जर्मन भाषांतरही केलं. त्यांनी दाखवलं ते असं: एका शब्दात लागोपाठच्या दोन अक्षरांत जोराच्या श्वासाचे, म्हणजे महाप्राण वर्ण आले, तर संस्कृतात पहिल्याचा श्वास जातो. मूळ 'भेन्ध्'मध्ये 'भ' आणि 'ध' दोन्ही महाप्राण. पहिल्याचा श्वास गेला आणि उरलं 'बन्ध्'. इंग्रजीकडे गेलेल्या शाखेत तसं झालं नाही. तिथे 'भ'चा रीतसर 'ब' झाला आणि 'ध'चा 'ड'. वरवर दोघींकडे 'ब' दिसतो, पण दोघी त्या 'ब'पर्यंत वेगळ्या वाटांनी आल्या.

याचा पुरावा संस्कृतातच आहे. 'बन्ध्'चं भविष्यकाळी रूप काय? 'भन्त्स्यति'. पुढे 'स्य' आल्यावर 'ध्'चा 'त्' होतो, त्याचा श्वास जातो, आणि लगेच सुरुवातीचा 'भ' परत येतो. जणू इतका वेळ तो दाराआड उभा होता. पाणिनीने अष्टाध्यायीत (८.२.३७) याच्यासाठी स्वतंत्र सूत्र केलं आहे. श्टेटिनच्या मास्तरांच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी हे रूप कोणीतरी कान देऊन ऐकलं आणि नोंदलं होतं. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा त्या रात्री मला झोप आली नाही, हे अगदी खरं सांगते.

स्वरांचं थोडक्यात. जुनं 'बिंदन'मधलं 'इ' ऱ्हस्व होतं. शेवटी 'न्ड' असल्यामुळे ते लांबलं, आणि पुढे इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर सरकले तेव्हा त्याचा 'आइ' झाला. फाइंड, माइंड, काइंड, ब्लाइंड ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी. भूतकाळातल्या 'उ'चं तसंच 'आउ' झालं: बाउंड, फाउंड. मुलांना 'बाइंडेड' लिहायची सवय असते, त्यांना 'फाइंड-फाउंड, बाइंड-बाउंड' अशी जोडी म्हणायला लावा, सवय मोडते.

आणि 'बाउंड' म्हणजे आपला 'बद्ध'. दिसायला काहीच सारखं नाही ना? पण मूळ धातूतला स्वर गळून नुसता 'न्' उरला की इंग्रजीच्या शाखेत त्याचं 'उन्' होतं आणि संस्कृतात 'अ'. हाच बदल तुम्ही रोज शिकवता: 'अन्नोन' आणि 'अज्ञात'. इंग्रजी नकाराचा 'अन्' आणि आपला नकाराचा 'अ' एकच. म्हणजे इंग्रजी 'अनबाउंड' आणि आपला 'अबद्ध' हे दोन्ही शब्द आपापल्या घरच्या एकाच नियमाने दोन-दोनदा वळलेले आहेत.

नात्यातली आणखी दोन माणसं सांगते, कारण ती समुद्राजवळची आहेत. ग्रीकमध्ये या धातूपासून 'पेइस्मा' हा शब्द झाला. त्याचा अर्थ गलबत किनाऱ्याला बांधायचा दोर. आणि दुसरा 'पेन्थेरोस', म्हणजे सासरा. लग्नाच्या बंधनाने जोडलेला. आपण 'बंधू' म्हणतो ते याच विचाराने. दोर आणि सोयरा, दोघांना एकाच धातूतून नाव मिळालं.

आता अर्थाकडे, कारण अनुवाद करताना खरा घोळ इथे होतो. मराठीत 'बांधणे' हा फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. दाव्याला म्हैस बांधतो, खुंटाला होडी बांधतो, बुटाची नाडी बांधतो, पुडी बांधतो, पूल बांधतो, अंदाज बांधतो, मुलाला डबा बांधून देतो. इंग्रजी 'बाइंड' एवढं ओढत नाही. त्यात एक ठरावीक कृती आहे: भोवती फिरवून, आवळून, सुट्याचं एक करणं. भात कापल्यावर आपण काड्यांचीच पेंढी बांधतो, ते नेमकं 'बाइंड'. म्हणून कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राला 'रीपर बाइंडर' म्हणतात. सुटी पानं शिवून पुस्तक करणं, तेही 'बाइंड'. जखमेवर पट्टी गुंडाळणं, तेही. वड्याच्या सारणात बेसन किंवा अंडं घालतो ते सुटू नये म्हणून. तिथेही पाककृतीत हेच क्रियापद येतं. पोट साफ होईनासं करणाऱ्या पदार्थाला इंग्रजीत 'बाइंडिंग' म्हणतात, आणि आपल्या वैद्यांनी त्या विकाराला नाव दिलं 'बद्धकोष्ठ'. हे कोणी कोणाचं बघून केलेलं नाही.

होडी खुंटाला बांधायची तर तिथे 'टाय' किंवा 'मूर'. नाडी 'टाय' करायची. 'टाय'चं मूळ ओढण्यात आहे. गलबत ओढून नेण्याचे 'टो' आणि 'टग' हे शब्द त्याच कुळातले. 'फासन' आलं 'फास्ट'पासून, आणि त्या 'फास्ट'चा जुना अर्थ वेगवान नव्हे, पक्का. पट्टा, बटण, खिडकीची कडी यांना ते चालतं. कोणी 'आय बाउंड द बोट' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की होडीभोवती दोर गुंडाळून तिला जखडलं. 'ही बाउंड अ हाउस' तर चालणारच नाही, कारण घर उभारण्याचा अर्थ इंग्रजी 'बाइंड'ला कधी आलाच नाही.

आपल्याकडे तो आला, आणि फार पूर्वी आला. 'सेतुबंध' म्हणजे सेतू उभारणं. मराठीत घर बांधतात, गुजरातीत बांधतात, कोकणीत बांधतात. हिंदीत मात्र घर 'बनाते' हैं. सिंधुदुर्गाचा किल्ला १६६४ साली बांधायला घेतला असं आपण सहज म्हणतो. होडीच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात राहतात: 'होडी बांधली' म्हणजे खुंटाला अडकवली की नवी तयार केली, हे बोलणाऱ्याच्या हातात दोर आहे की रंधा, त्यावर. अरबी समुद्रात फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून गलबतं करण्याची जुनी रीत होती. २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे जहाज त्याच रीतीने गोव्यात तयार केलं आहे. तिथे बांधणं आणि बांधणं यात काही अंतरच नाही.

इथे मुलाच्या म्हणण्याला थोडा आधार मिळतो. 'बाइंड' नेला नाही, पण त्याची इथली आणि इराणातली भावंडं इंग्रजांनी खरोखर नेली. कापडाला गाठी बांधून रंगवायच्या 'बांधणू'पासून 'बंडाना'. फारसी 'कमरबंद'पासून त्यांच्या मेजवानीच्या पोशाखातला 'कमरबंड'. आपल्या खाजणात खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घालतात तो बांध. इंजिनिअरच्या इंग्रजी अहवालात त्याला 'बंड' म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून थेट शांघायच्या नदीकाठापर्यंत पोचवला. 'बंदोबस्त'ही नेला. त्या शब्दात 'बंद' आणि 'बस्त' हे दोन्ही तुकडे फारसीतल्या 'बांधणे' याच क्रियापदाचे, म्हणजे तो दोनदा बांधलेला शब्द आहे. तेव्हा इंग्रजीत 'बाइंड' घरचा आणि 'बंड' पाहुणा, दोघे एकाच कुळातले.

आता 'होमवर्ड बाउंड'.

इथे त्या मुलाला सांगा की तुझा कान या वेळी फसला, आणि त्याच्याआधी पुष्कळांचा फसला आहे. माझाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या पत्रव्यवहाराचा अनुवाद करताना 'बाँबे-बाउंड' जहाजाला मी 'मुंबईला बांधलेलं जहाज' लिहिलं. वाचणाऱ्याने समजून घेतलं की ते मुंबईच्या गोदीत तयार झालं होतं. मूळ पत्रात एवढंच होतं की जहाज मुंबईला निघालं आहे. एका शब्दाने जहाजाचा जन्मच बदलला. तेव्हापासून 'बाउंड' दिसला की मी थांबते.

कारण इंग्रजीत 'बाउंड' हा एक शब्द नाही, चार आहेत. बांधलेला, हा पहिला. उडी मारणं हा दुसरा. तो फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ घुमणं, आवाज उलटून येणं असा होता. सीमा हा तिसरा, 'बाउंडरी' त्याचीच; तोही फ्रेंचमार्गे. आणि 'होमवर्ड बाउंड'मधला चौथा आला उत्तरेकडच्या समुद्रावरच्या नॉर्स लोकांकडून. त्यांच्यात 'बुआ' म्हणजे राहणं, आणि तयारी करणंही. त्यापासून 'बुइन्', म्हणजे तयार, सज्ज. जहाज अमुक ठिकाणी जायला सज्ज, असा तो अर्थ. शेवटचा 'ड' त्याला नंतर चिकटला, आणि 'बांधलेला'शी त्याचं रूप एक झालं.

ओळखायची खूण अशी: दिशा किंवा मुक्काम सांगितला असेल तर 'निघालेला', अडवणारी गोष्ट सांगितली असेल तर 'बांधलेला'. 'ईस्टबाउंड' म्हणजे पूर्वेकडे निघालेला. 'फॉगबाउंड' म्हणजे धुक्याने अडकलेला. 'होमवर्ड बाउंड' घराकडे निघालेला, आणि 'हाउसबाउंड' घरात अडकून पडलेला, आजारपणाने किंवा म्हातारपणाने. फळ्यावर हे शेवटचे दोन शेजारी लिहा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात गेल्यावर, या दोन्ही अवस्था तुमच्या वर्गातली मुलं घरी बघतात. त्यांना वेगळं उदाहरण द्यावं लागणार नाही.

त्या नॉर्स 'बुआ'चं मूळ मात्र आपल्याकडेही आहे. तो आपला 'भू' धातू, असणं. त्यापासून आपण 'भवन' केलं, राहायचं घर. पुन्हा 'भ' तिथे 'ब'. म्हणजे 'होमवर्ड बाउंड' 'बांध'चा नातेवाईक नाही, तो 'भवन'चा आहे.

याच घराण्यातले आणखी दोन शब्द लोक 'बाइंड'च्या नावावर घालतात. 'हजबंड' म्हणजे घराला बांधून ठेवणारा, असं मी भाषणांतून ऐकलं आहे. तसं नाही. 'हुस' म्हणजे घर आणि 'बोन्दि' म्हणजे राहणारा. घरधनी हा आपला शब्द त्याला अगदी जुळतो. दुसरा शब्द 'बाँडेज', गुलामी. तोही त्याच 'बोन्दि'पासून. आधी तो मानाचा शब्द होता, स्वतःचं घरदार असलेला शेतकरी. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडात हा शेतकरी जमीनदाराच्या जमिनीला जखडला गेला, शब्दाची पत उतरली, आणि शेजारी करारबंधनाचा 'बाँड' होताच, त्याने याला आपल्या अर्थात ओढून घेतलं. याच्या उलट फारसीतून आलेला आपला 'बंदा' हा खरोखरच बांधलेला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणातल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात दारयवहु (दरायस) राजा आपल्या सरदारांना 'बंदक' म्हणतो, तो याच्यामागचा शब्द. शब्दाचा नुसता चेहरा पाहून नातं जुळवलं की कशी फसगत होते, ते या जोडीवरून मुलांना चांगलं कळेल.

'बाँड', 'बंडल' आणि जखमेचं 'बँडेज' मात्र 'बाइंड'च्याच कुळातले. बाजेवाल्यांचा 'बँड' फ्रेंचमधून टोळी या अर्थाने, वेगळ्या वाटेने आला.

एक शब्द मुद्दाम शेवटी ठेवला: 'बेंड'. आज त्याचा अर्थ वाकवणे. सुरुवातीला तो 'बाइंड'चाच एक भाऊ होता आणि धनुष्याला दोरी बांधण्यासाठी वापरत. दोरी चढवली की धनुष्य वाकतं. हळूहळू दोरी विसरली गेली आणि वाकणं उरलं. पण खलाशांनी जुना अर्थ सोडला नाही. दोन दोर एकमेकांना जोडायच्या गाठीला ते आजही 'बेंड' म्हणतात. त्यातल्या 'शीट बेंड' नावाच्या गाठीची घडण आणि आपल्याकडे जाळं विणताना प्रत्येक आसाला, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याला, मारतात त्या गाठीची घडण एकच आहे.

तुमच्या वर्गात कोणाच्या तरी घरी जाळं विणणारं माणूस असेलच. त्या मागच्या बाकावरच्या मुलालाच विचारा. त्याला येत असेल तर सुई आणि थोडा धागा घेऊन यायला सांगा, सगळ्यांसमोर चार आस विणायला लावा, आणि तो विणत असताना फळ्यावर लिहा: 'बेंड', म्हणजे बांधणे.